न गोठलेल्या हिवाळ्यानंतरच्या दूर्वा

याही वर्षी पाणी गोठले नाही. आमच्या वाखनिंगन गावाच्या दक्षिणेला ऱ्हाइनची एक शाखा वाहते. हिवाळ्यात ती फुगली की काठच्या कुरणांवर पाणी पसरते, आणि थंडी नीट पडली तर त्या उथळ पाण्याची एक मोठी काच तयार होते. शेजारच्या मारायकेबाई सांगतात की त्यांच्या लहानपणी शाळा अर्ध्यावर सोडून सगळे गाव त्या काचेवर उतरायचे. त्यांनी गेल्या डिसेंबरात स्केटचे जोड काढले, पात्यांना धार लावली, दाराशी ठेवले. परवा ते त्यांनी पुन्हा खोक्यात भरले. त्या तक्रार करत नव्हत्या. जेवायला बोलावलेला पाहुणा सलग दुसऱ्या वर्षी आला नाही, आता त्याला बोलवावे की नाही, असा विचार करणाऱ्या माणसासारखा त्यांचा चेहरा दिसत होता.

जे घडले नाही त्याची खूण राहत नाही. पूर आला तर भिंतीवर पाण्याची रेघ राहते, वादळ आले तर पडलेले झाड दाखवता येते. हिवाळा आला नाही, हे मात्र कशाकडे बोट करून दाखवणार? फेब्रुवारीतली एखादी दुपार अशी उबदार निघते की माणसे कोट काढून बाकांवर बसतात, एकमेकांना हवा किती छान आहे म्हणतात, आणि खरेच ती छान असते. मीही गेल्या आठवड्यात तशीच बसले होते. समोरच्या ओक वृक्षाखाली जुन्या पानांचा जाड थर होता. मी त्या थराकडे पाहत होते, आणि ऊन अंगाला लागत असूनही मला गार वाटू लागले.

त्याचे कारण गेल्या वर्षात आहे. म्हणजे २०१४ मध्ये, आणि त्याच्याही आधीच्या हिवाळ्यात, जो असाच आला नव्हता.

*

इथे येण्यापूर्वी मी मिरजेच्या एका शाळेत विज्ञान आणि भूगोल शिकवत असे. आठवीच्या पुस्तकात रोगवाहक कीटकांचा धडा होता आणि तो मला फार आवडायचा, कारण तो फळ्यावर स्वच्छ मांडता येत असे. तीन वर्तुळे काढायची. एकात रोगजंतू जिथे वस्तीला असतो तो प्राणी, दुसऱ्यात जंतू वाहून नेणारा कीटक, तिसऱ्यात माणूस. मधे बाण. मग मुलांना विचारायचे की यातला कोणता बाण आपल्याला तोडता येईल. मुले एका सुरात सांगायची, डबकी बुजवा. आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा, पिंप रिकामे करा, कुंड्यांखालच्या बशा पालथ्या करा. धूर सोडणारी गाडी गल्लीत आली की त्याच मुलांना आनंदाने तिच्यामागे धावताना मी पाहिले आहे. आमच्या मनात या आजारांचे एक चित्र पक्के होते. ते पाण्यातून येतात, पावसाळ्यात येतात, आणि येण्यापूर्वी कानाशी गुणगुणतात.

इथे गुणगुण नाही. इथल्या वाहकाला पंखही नाहीत.

मराठी माणसाला गोचीड माहीत असते, पण ती म्हशीच्या कानात किंवा कुत्र्याच्या मानेवर. रक्त पिऊन टम्म फुगलेली, एरंडाच्या बीसारखी. इथल्या रानातली जी धोक्याची, ती तिच्या कोवळ्या वयातली असते, खसखशीच्या दाण्याएवढी. ती झाडावरून अंगावर पडते असे पुष्कळजण समजतात. तसे नाही. ती गवताच्या पात्याच्या टोकापर्यंत चढते, मागच्या पायांनी पाते धरते, पुढचे पाय हवेत पसरते आणि थांबते. हरीण जाईल, उंदीर जाईल, साळिंदरासारखा दिसणारा इथला छोटा काटेरी जाहा जाईल, माणूस जाईल. जो घासून जाईल त्याच्याबरोबर ती जाते. कोणी गेलेच नाही तर खाली उतरते, ओल्या पानांत अंग भिजवून घेते आणि पुन्हा चढते. पारा सहा-सात अंशांच्या खाली असला की ती पानांखाली निपचित पडून राहते. थोडा वर गेला की जागी होते. म्हणजे जो हिवाळा आपल्याला सौम्य वाटतो, तो तिला अधिक लांब कामाचा दिवस देऊन जातो.

हे सगळे मला तेव्हा ठाऊक नव्हते. तेव्हा मला एवढेच दिसले की त्या वर्षी मार्च महिन्यात एप्रिलसारखे ऊन पडले आणि आमची नऊ वर्षांची सई शाळेतून येताना मोजे दप्तरात कोंबून येऊ लागली.

आज मागे पाहताना मी फळ्यावरची वर्तुळे पुन्हा काढून पाहते आणि ती तीनांवर थांबत नाहीत. आदल्या शरदात आमच्या रस्त्यावरच्या ओकांनी इतकी फळे टाकली होती की सायकलच्या चाकाखाली त्यांचा सतत चुरा होत असे. सई त्यांच्या टोप्या काढून बोटांना घालायची. ती फळे उंदरांनी खाल्ली. थंडी न आल्यामुळे उंदीर मेले नाहीत. जंतू या उंदरांत सुखाने राहतो. गोचिडीची पिल्ले त्यांच्याच अंगावर पहिले जेवण घेतात. गावाबाहेरची दोन राने जोडून हरणांना वाट करून दिली होती, त्याबद्दल सर्वांना अभिमान होता. रस्त्याकडेचे गवत नगरपालिकेने मुद्दाम कापायचे थांबवले होते, कारण त्यात रानफुले येतात आणि फुलांवर मधमाश्या येतात. मुलांना पडद्यासमोरून उठवून रानात पाठवा, असे शाळा सांगत होती. या साखळीतली एकही कडी मला वाईट म्हणून दाखवता येत नाही. ओक चांगला, हरीण चांगले, मधमाशी चांगली, ऊन चांगले, मुले बाहेर खेळतात ते तर उत्तमच. मिरजेच्या वर्गात मी मुलांना तोडायचा बाण विचारत असे. इथे कोणता बाण तोडायला सांगू?

*

सासूबाई जुलैत आल्या. त्यांनी उभी नोकरी सांगलीच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली होती. कानाला यंत्र लावून बसण्याची सवय त्यांच्या बोलण्यात राहून गेली होती. समोरचा काय म्हणतो ते पूर्ण ऐकून, जरा थांबून, मगच त्या उत्तर देत, आणि ते उत्तर बहुधा टोमणा असे. मला त्या बाई म्हणत. सुनेला लाडाने किंवा रागाने बाई म्हणतात तसे नव्हे, तर मुले शाळेत म्हणतात तसे. “बाई, आज आमटीत मीठ किती ग्रॅम?” असे त्या विचारत, आणि माझा नवरा श्रीरंग ताटात तोंड घालून हसे.

व्हिसा तीन महिन्यांचा होता आणि त्यात गणपती येत होता. त्यांना ते फार मोलाचे वाटले, कारण आमच्या घरच्या गणपतीला गेली चार वर्षे मी दुकानातली कोथिंबीर दूर्वा म्हणून वाहत होते. हे त्यांना कळले. मग म्हणाल्या की या वर्षी पत्री त्या स्वतः आणणार, हरतालिकेचीही आणि गणपतीचीही.

घराच्या पूर्वेला जमीन हळूहळू उंच होत जाते आणि टेकाडावर रान सुरू होते. ऑगस्टच्या अखेरीस रोज सकाळी आम्ही दोघी तिकडे जात असू. मी त्यांना झाडांची शास्त्रीय नावे सांगत असे आणि आघाड्याच्या जागी हे चालणार नाही, ते वेगळ्या कुळातले आहे, असे समजावत असे. त्या शांतपणे पान खुडून परडीत टाकत. “देवाला लॅटिन येत नाही, बाई,” असे एकदा म्हणाल्या. माक्याला पर्याय सापडला, शमीला सापडला, डोरलीच्या जागी काटे असलेले काहीतरी चालवून घेतले गेले. दूर्वांपाशी मात्र त्या अडून बसल्या. खरी दूर्वा इथे मिळणार नव्हती हे त्यांनी मान्य केले, पण तीन पात्यांचा कोवळा, न तुटलेला अंकुर हवाच होता. हिरवळीवरचे गवत यंत्राने छाटलेले, त्याला शेंडे नसत. शेंडे होते ते रानाच्या कडेला, ओकांच्या सावलीत, जिथे कोणी कापत नव्हते.

त्या तिथे मांडी घालून बसत. साडी गुडघ्यांभोवती पसरलेली, हात गवताच्या बुडाशी. एकवीस जुड्या, प्रत्येकीत एकवीस अंकुर, आणि वाकडा निघालेला अंकुर परत. मी उभी राहून पाहत असे. सकाळचे ऊन पानांतून येत होते, दव अजून पात्यांवर होते, आणि माझ्या मनात आले की इतक्या दूरच्या मातीत ही बाई किती सहज बसली आहे. ते दृश्य मी आजही डोळ्यांसमोर आणते. फक्त आता मला पात्यांची टोके दिसतात.

रानाच्या तोंडाशी एक पाटी होती. तिच्यावर गोचिडीचे मोठे चित्र होते आणि घरी गेल्यावर अंग तपासा असे लिहिले होते. खाली एका गोऱ्या पायाचे छायाचित्र, पायावर गुलाबी वर्तुळ. गोचीड चावल्यावर असे वर्तुळ उठले तर डॉक्टरकडे जा, असा त्याचा अर्थ मी सांगितला. सासूबाईंनी चष्मा वर करून चित्र न्याहाळले. त्यांचे माहेर म्हशींचे होते. लहानपणी त्यांनी म्हशींच्या कानांतून मुठी मुठी गोचिडी काढल्या होत्या.

“एवढ्याशा किड्याचा एवढा मोठा फोटो,” त्या म्हणाल्या. “आमच्या म्हशी बघून हसतील.”

मीही हसले. मग आम्ही आत गेलो.

*

गणपतीच्या दिवशी गावातली आणि जवळपासची मराठी मंडळी आमच्याकडे आरतीला आली. आल्मेरेहून एक कुटुंब दोन गाड्या बदलून आले होते. प्रसादाच्या वेळी बोलणे नेहमीच्या वळणाने गेले. इथला घरचा डॉक्टर काहीही झाले तरी पॅरासिटामॉल घ्या आणि दोन आठवड्यांनी या म्हणतो, हा आमच्यात चघळून चघळून गुळगुळीत झालेला विनोद आहे. एकाने सांगितले की त्याचा पाय मोडला असता तरी डॉक्टरीणबाईंनी आधी कोमट पाणी प्यायला सांगितले असते. सगळे हसले. आणि मग प्रत्येकाने आपापली यादी काढली. कोणाची दाढ, कोणाचा खांदा, कोणाच्या बायकोची थायरॉइडची तपासणी. सगळे डिसेंबरसाठी राखून ठेवलेले. इंडियात गेल्यावर दाखवू, हे वाक्य आमच्या घरांत इतक्या सवयीचे झाले आहे की मुलेसुद्धा गुडघा खरचटला तरी गमतीने तेच म्हणतात.

या वाक्यात आळस नसतो. त्यात आपल्या डॉक्टरांवरचा विश्वास असतो. तो आपल्याला लहानपणापासून ओळखतो, लगेच औषध देतो, आपल्या भाषेत रागावतो. मलाही त्या वाक्याचा आधार वाटत असे. ज्या आजाराचे नाव तिकडच्या डॉक्टरला कधी घ्यावेच लागले नाही, त्याला हे वाक्य लावले तर काय होईल, हा प्रश्न त्या संध्याकाळी त्या खोलीत कोणाच्याही मनात आला नाही.

*

सप्टेंबर सरत आला तशा सासूबाई मंदावल्या. सकाळी उठल्यावर मान आखडलेली असे. डोके जड. टोमणे कमी झाले, हे मला सगळ्यांत आधी जाणवले. त्यांनी स्वतःच निदान केले होते. हवा बदलली, पित्त झाले, आणि घरची ओढ लागली. परतीचे विमान तोंडावर आले होते.

एका दुपारी त्यांनी मला हाक मारली. हळद कालवलेले तेल वाटीत होते आणि हात पाठीमागे कमरेपर्यंत पुरत नव्हता. परकराची नाडी जिथे बसते तिथे काचले आहे, जरा लाव, म्हणाल्या. साडी नेसणाऱ्या बायकांच्या कमरेला ती एक काळसर रेघ असतेच. माझ्या आईलाही होती. मी बोटावर हळद घेतली. त्या जागी आधीचीच हळद इतकी मुरली होती की कातडी पिवळी पडली होती. मी लावू लागले आणि थांबले. नाडीची रेघ आडवी असते. पिवळ्या डागाच्या बाहेर एक कड दिसत होती, आणि ती वळत होती.

मी त्यांना खिडकीपाशी उजेडात उभे केले. पाटीवरच्या चित्रातले वर्तुळ गुलाबी होते, पण त्या चित्रातली कातडी आमची नव्हती. आमच्या गव्हाळ रंगावर ते जांभळट-तपकिरी होते, जुन्या माराच्या वळासारखे, आणि त्याचा अर्धा भाग हळदीखाली झाकला गेला होता. तळहाताहून मोठे होते. मी विचारले की इथे काही चावले होते का.

“चावायला काय, गोचीड होती,” त्या सहज म्हणाल्या. “हरतालिकेच्या दिवशी आंघोळीला हाताला लागली. खोबरेल चोपडलं, हळद दाबली, पडली आपोआप. तुला कशाला सांगायचं? तू लगेच फळा घेऊन उभी राहिली असतीस.”

मी शाईच्या पेनाने त्या कडेवर बारीक रेघ ओढली. त्यांना गुदगुल्या झाल्या. दोन दिवसांनी पाहिले तेव्हा कड रेघेच्या पलीकडे गेली होती, सगळीकडून सारखी. शांत पाण्यात खडा पडल्यावर लाट पसरते तशी, फक्त अतिशय सावकाश. मी आयुष्यात पुष्कळ आकृत्या काढल्या आहेत. माझ्या आकृतीच्या बाहेर जाणारी आकृती मी पहिल्यांदाच पाहत होते.

*

श्रीरंग मातीतल्या सूक्ष्म जिवांवर काम करतो. शास्त्र त्याला समजावून सांगावे लागत नाही. पण आईच्या बाबतीत तो शास्त्रज्ञ राहत नाही. त्याने वर्तुळ पाहिले, घाबरला, आणि घाबरल्यावर माणूस जे करतो ते त्याने केले. ओळखीच्या दाराकडे वळला.

“सोमवारी ती सांगलीत असेल,” तो म्हणाला. “मंगळवारी आपल्या डॉक्टरांना दाखवू. इथल्या डॉक्टरकडे ती नोंदलेलीसुद्धा नाही. दहा प्रश्न विचारतील आणि पॅरासिटामॉल देतील.”

“तिकडे काय सांगशील?”

“गोल चट्टा आलाय म्हणून.”

“मग ते काय म्हणतील?”

उत्तर सासूबाईंनीच दिले. त्या टेबलाशी बसून शेंगा सोलत होत्या.

“गजकर्ण म्हणतील,” त्या म्हणाल्या. “मलम देतील. मीही तेच म्हणत होते.”

सगळी गोम तिथेच होती. आपल्याकडे गोल चट्ट्याला आधीच एक नाव आहे, घरोघरी माहीत असलेले, आणि त्याचे मलम कोपऱ्यावरच्या दुकानात मिळते. मलम लावले की हे वर्तुळ काही दिवसांनी जाणारच होते, कारण ते तसेही जाते. सगळ्यांना वाटले असते, बरे झाले. आणि वर्तुळ पुसले गेल्यावर आत शिरलेला जंतू मज्जातंतूंकडे, सांध्यांकडे, कधी हृदयाकडे आपली वाट काढत राहिला असता. महिन्यांनी काही उपटले असते तेव्हा गवताची आठवण कोणाला झाली असती?

मी हे सगळे बोलून टाकले असावे, कारण सासूबाईंनी शेंगांचे ताट बाजूला सारले.

“असं तुटक नको,” त्या म्हणाल्या. “वर्गात शिकवतेस तसं सांग. पहिल्यापासून. घंटा झाली समज.”

मग मी त्यांना पहिल्यापासून सांगितले. न पडलेली थंडी, ओकाची फळे, उंदीर, खसखशीएवढी गोचीड, पात्याचे टोक, त्यांच्या दूर्वा. मधे सई आली, पाणी पिऊन डच भाषेत काहीतरी पुटपुटली आणि न जाता दाराशी उभी राहिली. सासूबाई एक्स्चेंजमध्ये ऐकत असतील तशा ऐकत होत्या, मान किंचित कललेली. माझे संपल्यावर त्यांनी विचारले.

“इथल्या डॉक्टरला मी गवतात बसले होते हे सांगावं लागेल का?”

“नाही. ती आधी तेच विचारेल.”

“आणि तिकडे?”

“तिकडे तुम्हाला सांगावं लागेल.”

“मी सांगीन गं. पण न विचारलेलं कोणी ऐकत नाही.” त्या उठल्या, हात झटकले. “इथे अडकवून ठेवलं मला, तर तुझी जबाबदारी, बाई. चल.”

विनोद होता तो, पण बाहेर पडताना त्यांनी माझे कोपर धरले. तीन महिन्यांत त्यांनी रस्त्यावर माझा हात कधी धरला नव्हता. तेव्हा मला कळले की त्यांना आजारापेक्षा परक्या देशातल्या खाटेची भीती अधिक वाटत होती, आणि ती भीती बाजूला सारून त्या निघाल्या होत्या.

*

डॉक्टर तरुण होती. तिने पाठ पाहिली आणि पहिला प्रश्न खरोखर रानाचाच केला. किती दिवस झाले हे विचारल्यावर सासूबाई म्हणाल्या, हरतालिकेपासून. मी त्याचे ऑगस्टची अखेर असे भाषांतर केले. डॉक्टरने पिवळ्या डागावर बोट ठेवून हे काय ते विचारले. हळद म्हटल्यावर तिने मान हलवली, आणि जरा वेळाने स्वतःहून सांगितले की तिने शिकताना पाहिलेली सगळी चित्रे गोऱ्या कातडीवरची होती. हे तिने कदाचित ओळखले नसते, पेनाची रेघ नसती तर. इथे वर्तुळ हीच खूण पुरेशी असते, रक्ताच्या तपासणीची वाट पाहायची नसते, असे म्हणून तिने गोळ्या लिहून दिल्या. कोणीही पॅरासिटामॉलचे नाव काढले नाही.

निघताना मी विचारले, आता धोका टळला ना. शिक्षकाला पुस्तकाच्या मागे छापलेले उत्तर हवे असते. तिने ते दिले नाही. औषध चांगले आहे, म्हणाली, बहुतेक माणसे पूर्ण बरी होतात. पण मान आखडली आहे, डोके दुखते आहे, चावून बरेच दिवस उलटले आहेत. जंतू किती आत गेले होते हे बाहेरून कोणालाच सांगता येणार नाही. पुढचे काही महिने लक्ष ठेवा.

रविवारच्या विमानाने सासूबाई गेल्या. गोळ्या हातातल्या पिशवीत, जेवणानंतर आणि दूध न घेता. विमानतळावर सईला त्यांनी बजावले की गवतात बसायचे नाही. मग लगेच म्हणाल्या की असे सांगणेही बरोबर नाही. बस, पण घरी येऊन आईला अंग दाखव.

सई दाखवते. गेल्या शरदातला प्रत्येक शनिवार तसाच गेला. ती रानातून येते, बूट काढते, न्हाणीघरात उभी राहते आणि मी गुडघ्यामागे, काखेत, कानामागे, केसांच्या कडेला पाहते. “निक्स, आई,” ती कंटाळून म्हणते. म्हणजे काही नाही. तिची पाठ पाहताना मला इथल्या पुढच्या सगळ्या उन्हाळ्यांचा विचार येतो. त्यांत ती एकटी रानात जाईल, सायकल गवतात आडवी टाकेल, आणि कोणाला पाठ दाखवणार नाही. पूर्वी मुलांना नदीची, विहिरीची, सापाची भीती घालत असत. त्या भीतीला जागा होती. तिथून लांब राहिले की झाले. ही भीती ऋतूत मिसळलेली आहे, आणि ऋतू तर लांबत चालला आहे.

*

काल रविवार. आठवड्याचा फोन. सासूबाईंचा आवाज चांगला होता. मान केव्हाच सुटली आहे, टोमणेही परत आले आहेत. त्यांनी इथली थंडी विचारली. मी म्हटले, नाहीच. पुष्कळ बोलून झाल्यावर, ठेवता ठेवता, त्यांनी सांगितले की गुडघा सुजला आहे. डॉक्टरांना दाखवला. वय झाले म्हणाले, जिने कमी करा, तेल लावा.

“वयच ना गं?” त्यांनी विचारले.

झिजलेले गुडघे सहसा जोडीने कुरकुरतात, चढताना दुखतात, वर्षानुवर्षे हळूहळू कळवतात. हा आजार उशिरा सांध्यात उतरतो तेव्हा बहुधा एकच मोठा सांधा निवडतो, अचानक फुगवतो, आणि सुजेच्या मानाने दुखवतो कमी. हिवाळाभर मी हे इतक्यांदा वाचले होते की वाक्ये पाठ झाली होती. मी आवाज शक्य तितका साधा ठेवला.

“आई, दोन्ही की एक?”

“एकच. डावा.”

“पडलात? मुरगळला?”

“छे. दुपारी झोपून उठले तर भोपळ्याएवढा. दुखत म्हणशील तर फारसा नाही.”

खिडकीबाहेर ऊन होते. मारायकेबाई बिनबाह्यांच्या कपड्यांत अंगण झाडत होत्या, फेब्रुवारीत.

“उद्या पुन्हा जा त्यांच्याकडे,” मी म्हटले. “आत गेलात की मला फोन लावा आणि फोन त्यांच्या हातात द्या. वर्तुळाचं मी सांगते, गोळ्यांचंही.”

पलीकडे काहीच ऐकू येईना. त्यांचा नेहमीचा वेळ होता तो, पण नेहमीपेक्षा लांब.

“गेलं नव्हतं का गं ते?”

“ठाऊक नाही, आई. म्हणूनच विचारायचं.”

“दवाखाना सकाळी उघडतो. तुझ्याकडे तेव्हा उजाडलेलंही नसेल.”

“चालेल,” मी म्हटले. “मी फोनपाशी बसलेली असेन.”